सासूबाईंना लिस्बन दाखवताना

"दोना पेर्पेतुआंना लिस्बन मी स्वतः दाखवीन," असं मी गुरुवारी जेवताना बोलून गेलो. तोंडात बटाटा होता. तो आधी गिळला असता तर तेवढ्या वेळात शहाणपण सुचलं असतं.

"तू?" माझी बायको ओलिंदा म्हणाली. "तुला काय माहीत आहे लिस्बनमधलं?"

"मी जन्मलोय इथे."

"माझा भाऊ इस्पितळात जन्मलाय. त्याला डॉक्टर म्हणतोस का?"

खरं सांगायचं तर तिचं चुकत नव्हतं. बावीस वर्षं मी नगरपालिकेच्या पाणीखात्यात कारकून आहे. घर ते कचेरी, कचेरी ते घर. किल्ला मला रोज ट्रामच्या खिडकीतून दिसतो, पण आत कधी गेलो नाही. (किल्ला कुठे पळून जातोय?) पण सासूबाईंसमोर माघार घेणं शक्य नव्हतं. त्या उत्तरेकडच्या डोंगरातल्या, ब्रागांसाजवळच्या खेड्यातून नऊ वर्षांनी आल्या होत्या, आणि आल्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडे, विकायला आणलेल्या लंगड्या गाढवाकडे पाहावं तसं पाहायला सुरुवात केली होती.

दोना पेर्पेतुआ चौऱ्याहत्तर वर्षांच्या. सासरे गेल्यापासून काळे कपडे आणि डोक्याला काळा रुमाल. ऐकू येतं ते फक्त डाव्या कानाने. जे ऐकू येत नाही त्याला त्या "हो" म्हणतात, म्हणजे समोरच्याला दोनदा बोलायचे कष्ट नकोत.

शनिवारी सकाळी दहाला आम्ही दोघंच नदीकाठच्या मोठ्या चौकात उभे होतो. आभाळ स्वच्छ होतं, तरी सासूबाईंनी छत्री आणली होती आणि ती माझ्या हातात दिली होती. लालभडक छत्री. चौकाच्या मध्यभागी घोड्यावरच्या राजाचा पुतळा आहे. मी छत्री उंच करून त्याच्याकडे दाखवलं आणि त्यांच्या डाव्या कानाच्या बेताने ओरडलो, "हा राजा."

मागून सासूबाई काहीतरी म्हणाल्या. मी राजाचं नाव आठवण्यात गुंतलो होतो, म्हणून नुसतं "हो, हो" म्हणालो. (बुटात खडा गेलाय, जरा बाकावर टेकते, असं त्या म्हणाल्या होत्या. हे मला दुपारी कळलं.)

"कुठला राजा?" एक पुरुषी आवाज आला.

वळून पाहतो तर पंधरा-सोळा म्हातारी माणसं अर्धवर्तुळ करून उभी. विचारणारे गृहस्थ लालबुंद, खाटकासारख्या मनगटांचे. (ते निवृत्त खाटीकच निघाले, नाव बेल्मिरो.) मला वाटलं, मी इतकं छान बोलतोय की जाणारे-येणारे थांबले. कचेरीत माझं दुसरं वाक्य आजवर कोणी ऐकून घेतलेलं नाही. इथे सोळा माणसं माझ्या पहिल्याच वाक्यावर खिळली होती. माणूस हुरळणार नाही तर काय करेल?

"घोड्यावरचा," मी ठामपणे म्हणालो. "आता किल्ला. चला."

आणि ते चालू लागले. माझ्या कोपराशी काळ्या कपड्यातली, काळ्या रुमालातली एक म्हातारी होती. मी तिचा हात धरला आणि जुन्या वस्तीच्या पायऱ्या चढायला लागलो. चढावर माझी नजर पायऱ्यांवर, तिचीही पायऱ्यांवर. मी तिच्या डाव्या कानात ओरडत होतो: इथे माझा मामा राहायचा, इथे माझा दात पडला. ती मान डोलवत होती. पाऊण तासात तिने मला एकही टोमणा मारला नाही. संशय यायला एवढं पुरेसं होतं, पण मला वाटलं, बाई निवळली.

पहिली गल्ली एका भिंतीशी संपली. वर खिडकीत एक बाई कपडे वाळत घालत होती.

"हे काय आहे?" बेल्मिरोंनी विचारलं.

"जुनं लिस्बन," मी छत्रीने वर दाखवलं.

"जुनं कोणाला म्हणतोस रे?" ती बाई म्हणाली आणि एक ओली चादर आमच्यावर झटकली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हेही दौऱ्यातलंच.

अशा कित्येक गल्ल्या चुकून, धापा टाकत आम्ही दुपारी दीडला एकदाचे टेकडीवर पोचलो. जुनी भिंत, पाइनची झाडं, चहा-कॉफीची टपरी.

"हा किल्ला," मी म्हणालो.

बेल्मिरो कठड्याशी गेले. समोरच्या टेकडीवर बुरूज होते, तटबंदी होती, झेंडा फडकत होता. "मग ते समोर काय?"

"तो दुसरा किल्ला."

"दुसरा जास्त किल्ल्यासारखा दिसतोय."

"लांबून तसंच दिसतं," मी म्हणालो.

तेवढ्यात ओलिंदाचा फोन आला. "आईला दे जरा."

मी फोन शेजारच्या म्हातारीच्या हातात दिला. ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "मी फ्लोरिंदा बोलतेय. तुमचा नवरा फार चांगला आहे हो. पण ओरडतो फार."

मी पहिल्यांदाच तिचा चेहरा नीट पाहिला. ही बाई मी जन्मात पाहिली नव्हती. मी फोन परत घेतला.

"आदेलिनो," फोनमधून ओलिंदा म्हणाली, "ही कोण?"

"एक ओळखीची."

"कधीपासूनची?"

"दहा वाजल्यापासूनची."

"आणि आई?"

मी फोन ठेवून दिला. सासूबाईंजवळ फोन नाही, पत्ता नाही, आणि परक्या माणसांनी भरलेल्या शहरात त्या प्रत्येकाला "हो" म्हणत फिरत असणार. मावशी, जहाजात बसता का? हो. ब्राझीलला येता का? हो. मला हसू येत नव्हतं. त्या मला गाढव समजत असतील, पण आमच्या लग्नात स्वतःच्या कानातल्या सोन्याच्या कुड्या काढून ओलिंदाला घातल्या त्या त्यांनीच. मी कठड्याला धरून उभा राहिलो.

"गाईडसाहेब, जेवण किती वाजता?" बेल्मिरोंनी विचारलं.

"मी गाईड नाही. मी पाणीखात्यात आहे."

"मग छत्री का धरलीय?" म्हणत बेल्मिरोंनी खिशातून कागद काढला. ब्रागा शहराचं ज्येष्ठ नागरिक मंडळ. सकाळी दहा, घोड्याच्या पुतळ्यापाशी, लाल छत्रीवाल्या गाईडला भेटणे. खाली त्या गाईडचा, मार्लेने नावाच्या बाईचा, नंबर होता.

मी लावला. "तुमची सोळा माणसं माझ्याकडे आहेत."

पलीकडे श्वास अडकल्याचा आवाज आला. "तुम्ही कोण? काय हवंय तुम्हाला?"

"मला माझी सासू परत हवीय."

"हे बघा, त्यांना इजा करू नका," ती म्हणाली. मग थांबली. "कोण परत हवीय?"

"सासू. काळा रुमाल, उजव्या कानाने बहिरी."

"अगं बाई. मला पोचायला जरा उशीर झाला, तेव्हा त्या बाकावर एकट्याच बसल्या होत्या. मी विचारलं, ब्रागाच्या मंडळातल्या का? हो म्हणाल्या. बाकीचे कुठे, म्हटलं, तर तेही हो म्हणाल्या. बेल्मिरोंचा फोन बंद. सकाळपासून आम्ही तुम्हालाच शोधतोय. देते त्यांना."

"आदेलिनो," सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "जेवतेय मी. नंतर कर."

अर्ध्या तासाने टेकडीवर मोठी बस आली. दार उघडलं आणि सोळा रिकाम्या खुर्च्यांमागून, महाराणी उतरावी तशा दोना पेर्पेतुआ उतरल्या. शोधाशोधीच्या निमित्ताने त्यांनी नदीकाठचा बुरूज पाहिला होता, मठ पाहिला होता, खरा किल्लाही आतून पाहिला होता, आणि सतरा जणांसाठी मांडलेल्या टेबलावर एकटीने बसून बकल्याव मासा खाल्ला होता. मी धावत जाऊन त्यांना मिठी मारली. त्यांनी मला थोडा वेळ मारू दिली.

"कुठे हरवला होतास?" मागून उतरणाऱ्या मार्लेनेकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. "ही पोर रडकुंडीला आली तुझ्यापायी."

ओलिंदाला सगळं कळलं. (बसची वाट पाहताना तिचा पुन्हा फोन आला होता, आणि तो घेऊन फ्लोरिंदाबाई तिच्याशी सविस्तर बोलल्या होत्या.) ती रात्रभर उशीत तोंड खुपसून हसत होती आणि मी झोपल्याचं सोंग करत होतो.

रविवारी मार्लेनेने आम्हा तिघांना बसमध्ये बोलावलं. ब्रागाच्या मंडळींचा आग्रहच होता. मी इस्त्रीचा शर्ट घातला, केस बसवले. वाटलं, आपल्यालाही चार शब्द बोलायला सांगतील. बसच्या दारात मार्लेनेने सगळ्यांचं स्वागत केलं आणि माझी पाळी आल्यावर अदबीने पिशवीतून एक पिवळं कार्ड काढून माझ्या गळ्यात अडकवलं. बालवाडीच्या सहलीत मुलांना घालतात ते. त्यावर बदकाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं: मी हरवलो तर कृपया या नंबरावर फोन करा.

मंडळी पोट धरधरून हसली. सासूबाईंनी दोरी नीट बसतेय का ते पाहिलं. मीही मोठ्या मनाने हसलो.

त्या दिवशी ते कार्ड दोनदा उपयोगी पडलं.