उत्तरं दुसऱ्या पेपरात

सिस्टर शायनीबद्दल चंद्रप्रभाबाईंची तक्रार एकच होती : ती फार गोड मराठीत विचारते आणि उत्तराला थांबत नाही.

मेंदूच्या झटक्यात त्यांच्या यजमानांची, अण्णासाहेबांची, केंद्र सरकारात कमावलेली हिंदी साफ पुसली गेली होती. उरली ती मराठी. म्हणून गुरुग्रामच्या त्या काचेच्या इस्पितळाने खास मराठीचं प्रशिक्षण झालेली नर्स दिली. केरळची पोर.

"अण्णासाहेब, दुखतंय का?"

"हात जळतोय गं. सुई काढ."

"वा, छान! आराम करा." तिने हातातल्या पडद्यावर 'मातृभाषेत संवाद पूर्ण' दाबलं आणि पुढची खाट गाठली.

चादरीखाली सलाइनचा हात पुरीसारखा टम्म फुगत होता. बाई तरातरा भाषा-समन्वयकाकडे गेल्या.

"माताजी, सिस्टर का मराठी का पहला पेपर हुआ है, उसमें सिर्फ प्रश्न हैं," तो अभिमानाने म्हणाला. "उत्तर समझना दूसरे पेपर में. उसका बजट अगले साल."

"तब तक हमारे ये क्या करें?"

"छोटे उत्तर दें."

बाई परत आल्या नि शायनीवर कडाडल्या, "अरी, इनका हात सुजा है, सुई निकाल!"

शायनी पांढरीफटक पडली. "अम्मा, धीरे! मराठी पेशंट के सामने हिंदी हुई तो मेरा नंबर कटेगा," ती पुटपुटली. मग मोठ्याने, "भूक लागली का?"

अण्णासाहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. शायनीने 'रुग्ण भावुक' दाबलं.

तेव्हा मात्र बाईंनी तिचं मनगट धरलं आणि तिचा पंजा त्या फुगलेल्या हातावर नेऊन टेकवला. पोरीचा चेहरा उतरला. नंबर-बिंबर विसरून तिने सुई काढली, हात उशीवर उंच ठेवला, डॉक्टरांना हाक मारली. बाईंच्या मागोमाग आलेल्या समन्वयकाने नोंद केली : 'संवाद झाला, परंतु भाषेविना, सबब नियमबाह्य.'

इतक्यात लेक विलास ऑफिसातून धावत आला. दारातूनच म्हणाला, "बाबा, बरं आहे ना? बिल्कुल टेन्शन नको हं. चलो, मीटिंग आहे."

अण्णासाहेबांनी ओठ उघडले, तोवर लिफ्टचं दार मिटलंही होतं.

बाई शायनीकडे वळल्या आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा मराठीत म्हणाल्या, "तुला काय बोल लावायचा, पोरी! तुझा दुसरा पेपर निदान व्हायचा तरी आहे. आमच्यात मराठी घेऊनच जन्माला येतात, म्हणून त्या पेपराला कुणी बसतच नाही."