दोन डब्या, एक पोट

त्या दोन डब्या नीट भरून आल्या की जावईबापूंची नोकरी कायम होणार होती. ते पोटातल्या जिवाणूंवर संशोधन करत, म्हणजे सासूबाईंच्या भाषेत, लोकांची घाण चिवडत. त्यांचं म्हणणं असं, की वर्षानुवर्षं तेच अन्न खाणाऱ्या नवराबायकोच्या आतड्यांतले जिवाणूही सारखे होत जातात. अभ्यासात एक जोडपं कमी पडत होतं. ते मिळालं की साहेब शिफारस करणार होते.

घरात सासूसासरे असताना बाहेर कशाला शोधायचं? सासऱ्यांचं पोट सुटल्यापासून सासूबाईंनी दोघांचा संसार उकडलेल्या भोपळ्यावर आणला होता. ह्यांच्याहून वेगळा घास मी घेत नाही, हे त्या येईल त्याला ऐकवत. दोघांनी विष्ठेच्या नमुन्यासाठी डब्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांची नजर चुकवून परत केल्या.

निकाल पाहून साहेब हरखलेच. दोन्ही नमुन्यांत तसूभर फरक नव्हता. त्यांनी अख्खा विभाग गोळा केला, पडद्यावर तक्ता लावला आणि आदर्श दांपत्याचं कौतुक करत करत शेवटच्या ओळीपाशी आले. नमुना कोणत्या प्राण्याचा, हे यंत्र तिथे छापतं. दोन्हींपुढे छापलं होतं, कुत्रा.

साहेबांनी चष्मा पुसला. "तुमचे सासरे नेमके काय करतात हो?"

"निवृत्त आहेत, सर."

संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी चौकशी बसली. आधी सासरे फुटले. रोज फिरायला म्हणून ते बेकरीत जात. जिवाणू चहाडी करतील या धास्तीने त्यांनी घरातलं एकमेव निर्मळ पोट गाठलं होतं. ते पोट सरदारचं, म्हणजे कुत्र्याचं. अंगणातून गुपचूप चमचाभर आणलं, एवढंच.

आता सासूबाई कडाडणार म्हणून सगळे सावरून बसले. त्या ताटाकडे बघत म्हणाल्या, "तरीच. मी गेले तेव्हा जेमतेम उरलं होतं."

सासरे बेकरीत असताना त्या शेजारणीकडे तळलेल्या बटाट्यांवर ताव मारत. आणि भोपळा? तो टेबलाच्या दोन्ही बाजूंनी खाली सरकत होता. घरात पथ्य पाळणारा एकटा सरदार.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भांडायला तोंड कुणालाच नव्हतं.

तेव्हापासून सासूसासरे बेकरीत जोडीने जातात आणि बटाटे घरीच तळले जातात. काही महिन्यांनी जावईबापूंनी पुन्हा डब्या दिल्या, या खेपेला कुत्र्याला कोंडून. जिवाणू जुळले. नोकरी कायम झाली. साहेबांनी आपलं भाकीत खरं ठरल्याचं सांगितलं. सासूबाई पूर्वीचंच वाक्य येईल त्याला ऐकवतात, आणि आता ते खरंही आहे.

सरदार मात्र अजून जेवणाच्या वेळी टेबलाखाली तोंड वर करून बसतो. वरून काही पडत नाही.