सोडण्याचा सराव

जूनमधल्या एका रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी सुहास गावंडे अर्धी दाढी झालेली असताना सलूनच्या खुर्चीतून उठला आणि घरी निघाला. डाव्या गालावर साबण तसाच होता. बिबवेवाडीतले आमच्या इमारतीखालचे हे सलून सलीमभाईंचे. तीन पिढ्यांचा धंदा. गिऱ्हाईक मधेच उठून जाण्याचा प्रकार एकाही पिढीने पाहिलेला नव्हता. ते दारापर्यंत मागे आले आणि शांतपणे म्हणाले, “अहो गावंडे, उरलेली कुणाकडे करणार, तेवढं सांगून जा.”

मध्ये वीज गेल्यामुळे उशीर झाला होता. सुहासने मागे वळून इतकेच सांगितले, की ठरवलेली पंधरा मिनिटे संपली.

सुहास माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो, एकटाच. वय एकोणतीस. मूळचा अमरावती जिल्ह्यातला. एका कारखान्यात तयार झालेले सुटे भाग तपासण्याचे काम करतो. मला भाऊ म्हणतो, माझ्या बायकोला वहिनी. आदल्या वर्षी त्याने एमबीएची प्रवेश परीक्षा दिली होती. पंच्याण्णव पर्सेंटाइलची अपेक्षा होती, एकाहत्तर आले. या वर्षी तो ती पुन्हा देणार होता. ही शेवटची, असे त्याने स्वतःच ठरवले होते. तिशीनंतर वर्गात काका म्हणून बसायची त्याची तयारी नव्हती.

एकाहत्तर येण्याचे कारण नोंदलेले आहे. एका प्रश्नात आठ माणसे गोल टेबलाभोवती बसलेली होती आणि कोण कोणाशेजारी ते शोधायचे होते. चाळीस मिनिटांच्या त्या विभागात सुहासने या आठ जणांना एकोणीस मिनिटे दिली. उत्तर बरोबर आले. बाकीचे प्रश्न वाचायचेच राहिले. क्लासचे सर निकाल बघून म्हणाले, “गावंडे, तुमचं उत्तर बरोबर आलं. परीक्षा चुकली.” मग त्यांनी नियम सांगितला. दोन मिनिटांत वाट दिसली नाही तर प्रश्न सोडायचा. सोडता येणे हाच निम्मा अभ्यास.

क्लासमधल्या बाकीच्या मुलांनी हा नियम वहीत लिहून घेतला. सुहासने तो घरी आणला. त्याचे म्हणणे असे, की आयुष्यभर एकही गोष्ट अर्धी न सोडलेला माणूस परीक्षेच्या दिवशी अचानक कशी सोडेल? हाताला वळण आधी लागले पाहिजे.

त्याने गळ्यात स्टॉपवॉच अडकवले. शब्दकोडे एक शब्द उरला असताना मिटू लागला. माझ्याशी बुद्धिबळ खेळताना जिंकायला दोन चाली असताना उठला. आमच्याकडे जेवायला आला तेव्हा पानात पोळीचा चतकोर ठेवून हात धुतले आणि माझ्या बायकोला सांगितले, “वहिनी, पोळी चांगली आहे. मी सोडून राहिलो फक्त.” तिने त्याला पुढचे दोन महिने जेवायला बोलावले नाही.

परीक्षेच्या संगणकावर मागाहून परत यायच्या प्रश्नाला जांभळी खूण करता येते. सुहासने जांभळ्या टिकल्यांचे पाकीट आणले. अर्धवट सोडलेल्या वस्तूला टिकली लावायची आणि पुढे जायचे. अर्ध्या वाचलेल्या पुस्तकाला टिकली, अर्ध्या धुतलेल्या मोटारसायकलला टिकली. एकदा लिफ्ट लवकर येईना म्हणून तिच्या बटणाला टिकली लावून तो जिन्याने गेला. आमच्या सोसायटीच्या अध्यक्ष आगाशे काकूंनी त्याच संध्याकाळी फलक लावला: ‘लिफ्टला टिकली लावू नये. तिचे लग्न झालेले नाही.’

कारखान्यात मात्र त्याने या काळात एकही नग न तपासता सोडला नाही. या गोष्टीची मी त्याच्या एका सहकाऱ्याकडून खात्री करून घेतली.

दर रविवारी क्लासची सराव परीक्षा असे आणि संध्याकाळी सुहास माझ्या दाराशी उभा राहून आकडा सांगे. चौऱ्याऐंशी. एकोणऐंशी. अठ्ठ्याऐंशी. दसऱ्यानंतरच्या रविवारी तो आलाच नाही, मीच गेलो. साठ आले होते. आता त्याला सोडण्याची इतकी सवय झाली होती, की सहासष्टपैकी पन्नास प्रश्न त्याने सोडले होते. सर म्हणाले होते, “अधूनमधून एखादा सोडवतही जा.”

तिथून त्याची झोप गेली. कुठला सोडायचा आणि कुठला नाही, हे ठरवायलाच दोन मिनिटे जातात, असे तो म्हणू लागला. भाजीवाल्यापुढे मेथीची एक जुडी हातात धरून तो स्टॉपवॉचकडे बघत उभा असलेला मी पाहिला आहे. शर्ट खांद्यावरून उतरू लागले. परीक्षेचे केंद्र लोणी काळभोरच्या एका कॉलेजात होते; तो तिथे तीन वेळा नुसता जाऊन आला, वेगवेगळ्या वेळी, आणि किती मिनिटे लागली ते लिहून ठेवले. तिन्ही आकडे वेगळे निघाले. त्यामुळे त्याची धास्ती वाढली.

परीक्षेच्या दिवशी मी त्याला स्कूटरवरून सोडायला गेलो. दुपारचे सत्र होते. प्रत्येक सिग्नलला तो माझ्या पाठीवर बोटांनी काहीतरी मोजत होता. फाटकाबाहेर मुलांचे आईवडील उभे होते. आत फोन किंवा घड्याळ नेता येत नाही, म्हणून त्याने गळ्यातले स्टॉपवॉच आणि स्वतःचा फोन माझ्याकडे दिला आणि फोन वाजला तरी उचलू नका, असे सांगितले.

मी विचारले, कोणाचा येणार आहे.

“बाबांचा. मी कारखान्यात आहे म्हणून सांगितलंय.”

आत सोडायला वीस मिनिटे होती. तेवढ्यात त्याने सांगितले ते असे. वडील गणिताचे शिक्षक होते, आता निवृत्त. गावातल्या वाचनालयात रोज सकाळी सात वाजता जायचे, चार मित्रांबरोबर पेपर वाचायचे. आदल्या वर्षी त्यांनी तिथे सगळ्यांना सांगून ठेवले होते, की पोराला पंच्याण्णव पडणार. निकाल लागला तेव्हा एकाहत्तरही त्यांनीच जाऊन सांगितले. कोणीतरी म्हणाले, “गुरुजी, पोरगं कारखान्यातच बरं आहे.” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पेपर घरी मागवला. त्याला दहा महिने होऊन गेले होते. या वेळी परीक्षेचे घरी कोणालाच ठाऊक नव्हते. अब्रू गेली तर आपली एकट्याची जाईल, असे सुहास म्हणाला, आणि आत गेला.

तीन तासांत फोन वाजला नाही.

तो शेवटच्या काही जणांत बाहेर आला. बावीस सोडले, म्हणाला. बरे की वाईट ते त्याला सांगता येईना. आजूबाजूला मुले घरी फोन लावत होती. सुहासने माझ्याकडून आपला फोन मागून घेतला. मग त्याने नंबर लावला.

“बाबा, मी कारखान्यात नाही. लोणी काळभोरला आहे. पेपर दिला पुन्हा.”

पलीकडे काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. सुहास दोनदा ‘हो’ म्हणाला, एकदा ‘चुकलं’ म्हणाला. मग तो सोडलेले प्रश्न आठवून सांगू लागला. एक टाकी, दोन नळ, एक गळती. आकडे त्याने तीन वेळा सांगितले.

“सोडा ना बाबा,” तो म्हणाला. थोडा वेळ ऐकत राहिला. “अहो सोडा, झाला पेपर.” मग पुन्हा आकडे सांगितले आणि फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसला.

पहारेकऱ्याने येऊन स्कूटर हलवायला सांगितली, तेव्हा त्या फोनला एकतीस मिनिटे झाली होती. स्टॉपवॉच माझ्याच खिशात होते. त्याने ते मागितले नाही.

बुधवारी सुहासच्या आईचा त्याला फोन आला. त्या दिवशी सकाळी सात वाजता त्याचे वडील वाचनालयात गेले होते. निकाल लागायला अजून तीन आठवडे होते.