परतीचे दोन दिवे

आमच्या शेजारच्या कासमचाचांनी आणि जैनबचाचीने सायकलवरून अर्धा जिल्हा पालथा घातला, पण दोघं आजवर कुठेही पोचली नव्हती. चेष्टा करत नाही मी. गणपतीपुळ्याला म्हणून निघाली की नेवऱ्याच्या चढावरून परत. लांज्याला म्हणून निघाली की पालीहून परत. दर रविवारी सकाळी हेल्मेट, पाण्याच्या बाटल्या, पंक्चरचं सामान असा सगळा सरंजाम घेऊन निघायचं आणि दुपारी जेवायला घरात हजर. मी पोस्टात काउंटरला बसते, त्यामुळे गावाच्या चौकशा माझ्याकडे. लोक विचारायचे, तुमचे चाचा या रविवारी कुठे नाही गेले?

चाचा सव्वीस वर्षं कुवेतला इलेक्ट्रिशियन होते. कायमचे घरी आले आणि वर्षभरात, दोन हजार सातच्या सुमारास, त्यांनी बॅटरीवर चालणाऱ्या दोन सायकली आणल्या. पायडल मारायचंच, पण चढ आला की मोटर मागून रेटा देते. आमच्याकडे चढ सोडून दुसरं आहे काय? चाचीला गाडी लागते. एसटी लागते, रिक्षा लागते, कोणाची नवी मोटार असली तरी पहिल्या वळणावर लागते. तिला उघड्या हवेत बसून जाता येईल असं हे एकच वाहन चाचांना सापडलं. लहानपणी भावाची सायकल चोरून ती शिकलेली होतीच. पंचावन्नाव्या वर्षी सलवार-कमीज आणि पांढरे बूट घालून ती गल्लीतून निघाली, तेव्हा आमच्या सासूबाई खिडकीतून हलल्या नाहीत.

आता न पोचण्याचं कारण सांगते. सायकलच्या दांड्यावर चार हिरवे दिवे होते. बॅटरी जसजशी उतरते तसा एकेक विझतो. दोन विझले की चाचा घंटी वाजवायचे, सायकल वळवायचे आणि म्हणायचे, "दोन परतीचे." मग समोर समुद्र असो नाहीतर वडेवाला, काही चालायचं नाही. घरी आल्यावरही एक दिवा जळतच असायचा. चाची म्हणायची, येताना उतार असतो, तेवढी लागत नाही बॅटरी, हिशेब चुकतोय तुमचा. त्यावर चाचा म्हणायचे, "तो उरला म्हणून तर आलो." आता या माणसाशी काय भांडणार?

बरं, हे सायकलीपुरतं असतं तर एक वेळ ठीक. आमच्याकडे चहाला आले की चाचा दाराजवळच्या खुर्चीवर बसणार आणि चपलांची तोंडं आधीच बाहेरच्या बाजूला करून ठेवणार. लग्नाला गेले की जेवणापूर्वी मांडवातून बाहेर पडायची वाट बघून येणार. फाटकाला कडी म्हणून कधी लावली नाही, दगड अडकवून ते उघडंच ठेवायचं. आम्ही हसायचो. मी तर त्यांच्या चपलांवरून एकदा तोंडावरच बोलले होते. चाचा हसले आणि चपला तशाच राहिल्या.

चाचीची थोरली बहीण, तिची आपा, गुहागरच्या अलीकडे राहायची. आपाचं चालणं बंद झालं होतं आणि चाचीला गाडीत बसवत नव्हतं, त्यामुळे पाच वर्षं बहिणी भेटल्या नव्हत्या. सायकली आल्या तेव्हापासून चाचीच्या डोक्यात एकच, आपाकडे जायचं. मी उपायही काढला होता. माझी नणंद मालगुंडला असते. पहिल्या दिवशी तिच्याकडे जायचं, बॅटऱ्या चार्ज करायच्या, मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी जयगडहून लाँचने खाडी ओलांडायची की झालं. चाचा ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे. भारनियमनाचे दिवस होते. वीज आलीच नाही तर परक्या गावात अडकून पडायचं का, हा त्यांचा प्रश्न. त्यापुढे माझी मात्रा चालली नाही.

मग एका शनिवारी चाचीने मला बजावलं, उद्या स्कूटर घेऊन आमच्या मागनं ये आणि नणंदेला दोघांचं जेवण सांगून ठेव. रविवारी तिच्या सायकलवरची पिशवी चांगलीच फुगलेली होती. चाचांनी विचारलं, तर म्हणाली, शाल आहे. आठ दिवसांचे कपडे होते आत, मला ठाऊक होतं. मी स्कूटरला किक मारली.

आरे-वारेचा चढ झाला, पूल झाला. नेवऱ्याच्या चढावर चाचांचे दोन दिवे विझले. त्यांनी घंटी वाजवली, सायकल वळवली. चाची थांबली नाही. चाचांनी पुन्हा घंटी वाजवली. तिने मान वळवून शांतपणे सांगितलं, "मी आपाकडे चाललेय. तुम्ही या मागनं." आणि गेली की वळणाआड.

चाचा तिथेच, सायकल घराच्या तोंडाला करून उभे. मी स्कूटर बंद केली. मला वाटलं, आता चिडतील. पण ते रस्त्याकडे बघत बोलायला लागले. कुवेतला नोकरीवर लागल्या लागल्या मालकाने पासपोर्ट स्वतःच्या कपाटात ठेवला होता. तिसऱ्या वर्षी घरून कळलं, मुलगी तापात गेली. तीन वर्षांची होती. मालक कुटुंब घेऊन परदेशी गेलेला, कपाटाची किल्ली त्याच्याकडे. चाचा दीड महिना त्या कपाटाच्या खोलीबाहेर जाऊन जाऊन उभे राहिले. इकडे चाचीजवळ चाळीस दिवस आपा होती.

"तेव्हापासनं ताई," चाचा म्हणाले, "परत जायची सोय दिसली नाय की माझा श्वास अडकतो."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. या माणसाच्या चपलांना हसले होते मी. पण चाची पुढे एकटी चालली होती, म्हणून धीर करून म्हटलं, "चाचा, घरी परत जाल, पण चाची तर पुढे गेली. कोणाकडे परत जाणार?"

चाचांनी घंटीवरचा हात काढला. मग हेल्मेटचा पट्टा घट्ट केला, सायकल वळवली आणि चढाला लागले. मोटर होती तरी उभं राहून पायडल मारत होते.

मालगुंडला पोचलो तेव्हा वीज नव्हती. चाचांनी जेवताना तीनदा उठून प्लगला टेस्टर लावला. चाची खाली मान घालून भात कालवत होती. दोन वाजता पंखा फिरला आणि आम्ही सगळ्यांनीच सुटकेचा निःश्वास टाकला. चार्जरचा लाल दिवा लागलेला बघून चाचांनी नणंदेकडे आणखी एकदा भात मागितला, म्हणून मी निर्धास्त होऊन रत्नागिरीला आले.

दुसऱ्या दिवशी मात्र पोस्टात माझं लक्ष लागेना. लाँचवर सायकली घेतील ना, पुढचा चढ झेपेल ना, चाचा खाडीवरूनच वळले तर काय, हेच डोक्यात. संध्याकाळी फोन आला.

"पोचलो, ताई," चाचा म्हणाले. त्यांच्या मागे दोन बायका एकदम बोलत होत्या, मधेच हसत होत्या.

"आपाजवळ बसलो मघाशी," ते म्हणाले. "सांगितलं तिला, मी नव्हतो तेव्हा तू होतीस. इतक्या वर्षांत बोललो नव्हतो. ती माझा हात धरून रडली, मी पण रडलो."

मी विचारलं, आता काय करताय?

"पडवीत बसलोय. दोघी दुपारपासनं बोलतायत. सव्वीस वर्षं जैनबचं बोलणं कागदावर वाचलं, ताई. महिन्याला एक पत्र, तेपण चार ओळी. ती एवढं बोलते, मला ठाऊकच नव्हतं."

मी विचारलं, मग परत कधी निघताय?

"तिचं बोलून होऊ दे," चाचा म्हणाले.