पास झालेलं जॅकेट

हिंदुराव किर्दत यांनी साडेनऊ हजारांचं जॅकेट घरी आणलं, पण घेतलं मात्र नाही. या दोन गोष्टींतला फरक इंदुताईंना काही केल्या समजेना.

"पैसे दिले, पिशवीत घालून घरी आणलं, मग घेतलं नाही कसं?"

"आणलंय. घ्यायचं की नाही ते तपासून ठरवणार," हिंदुराव म्हणाले. "पंधरा दिवसांत परत देता येतं. फक्त हा टॅग शाबूत पाहिजे. पास झालं तर तुझ्यासाठी दुसरं असंच आणू. नापास झालं तर दोन्हीचे पैसे वाचले."

हिंदुराव चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासायच्या खात्यात तेवीस वर्षं होते. वस्तू दिसली की ती नापास कशी करता येईल, हेच त्यांच्या मनात आधी यायचं. पिंपरीच्या मंडईतला नारळवाला त्यांना लांबून पाहूनच "साहेब, आज नारळ नाहीत" म्हणून सांगायचा, मागे ढीग रचलेला असताना.

जॅकेटचं प्रकरण मनालीमुळे निघालं होतं. इंदुताई माणदेशातल्या. पाणीसुद्धा हंड्याने मोजून बघितलेलं, मग बर्फ कुठला? लग्न झाल्यापासून त्यांचं एकच मागणं होतं, एकदा डोळ्यांनी बर्फ बघायचा. सव्वीस वर्षांनी हिंदुरावांनी जानेवारीतल्या सहलीचं बुकिंग केलं. सहलवाल्यांनी पाठवलेल्या यादीत पहिलीच ओळ होती : 'चांगलं उबदार जॅकेट आवश्यक.' 'चांगलं' या शब्दावर हिंदुराव दोन दिवस अडून बसले.

चिंचवडच्या दुकानात स्वप्नाली नावाच्या मुलीने त्यांना निळं, फुगीर जॅकेट दाखवलं. "सर, आत पिसं नाहीत, सिंथेटिक भरण आहे. ओलं झालं तरी ऊब जात नाही. उणे दहापर्यंत चालतं."

"उणे दहाला तुम्ही स्वतः घालून बघितलंय?"

"सर, मी लोणावळ्याच्या पुढे गेलेली नाही."

"मग कशावरून म्हणता?"

"लेबलवरून."

तेवीस वर्षांत लेबलावर विश्वास ठेवून हिंदुरावांनी एक स्क्रूसुद्धा पास केला नव्हता.

ते जॅकेट घेऊन घरी आले आणि त्याच रात्रीपासून थंडी गेली. डिसेंबरात आकाश ढगाळलं, संत तुकाराम नगरमधल्या लोकांनी कपाटात गेलेले पंखे पुसून पुन्हा बाहेर काढले. हिंदुराव रोज पहाटे जॅकेट घालून, थर्मामीटर घेऊन गच्चीवर जायचे आणि घामाघूम होऊन खाली यायचे. थर्मामीटर बावीसच्या खाली उतरायला तयार नव्हता.

आठव्या दिवशी ते जॅकेट घालून फ्रिजचं दार उघडून समोर स्टुलावर बसले.

"काय चाललंय?" इंदुताईंनी विचारलं.

"छातीला हवा लागतेय. पाठीला नाही."

"दूध नासेल ना! आणि लाईटबिल काय दुकानातली ती स्वप्नाली भरणार आहे?"

फ्रिजचं दार बंद झालं आणि परीक्षा पुन्हा थांबली. दहावा दिवस उजाडला तेव्हा हिंदुराव हवालदिल झाले. न तपासता जॅकेट ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं आणि न तपासता परत करणं तर त्याहून नाही.

सुटका सोपानरावांनी केली. सोपानराव चाकणजवळच्या जुन्या शेतकरी घरातले. कंपनीला बसगाड्या पुरवायचे आणि जेवणाच्या सुट्टीत हिंदुरावांबरोबर तंबाखू मळायचे. अडचण ऐकल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली.

"आरं मर्दा, आमच्या जागंत कोल्ड स्टोरेज हाय की! भाड्यानं दिलंय. आईस्क्रीमची खोकी ठिवत्यात. उणं अठरा! मनाली तरी इतकी गार असंल का?"

"आत सोडतील?"

"न सोडून जात्यात कुठं? जागा आमची हाय. गुरुवारी ये, मी म्यानेजरला फोन टाकतो."

गुरुवारी कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी. हिंदुरावांनी खिशात थर्मामीटर आणि छोटी वही घेतली. इंदुताईही शाल गुंडाळून तयार झाल्या. आत त्यांनी स्वतः विणलेला मरून स्वेटर होता.

"तू कशाला?"

"तुम्ही आत गोठलात तर घरी येऊन सांगायला कोण आहे मला?"

भोसरी, मोशी करत मोटरसायकल चाकणला पोचली. वाटेभर इंदुताईंनी जॅकेटची पिशवी मांडीवर अशी धरली होती, की कंटेनरवालेसुद्धा आत बाळ आहे समजून जरा लांबून जात होते.

फाटकाशी मॅनेजर प्रीतम धावतच आला. तिशीचा, चेहऱ्यावर चिंता. सोपानरावांचा फोन त्याला आला होता, पण यंत्राच्या आवाजात त्याला फक्त 'मानूस येतोय, नीट बघ' एवढंच कळलं होतं. त्या दिवशी आईस्क्रीम कंपनीकडून तपासणीला कोणीतरी येणार होतं. हे दोन्ही त्याने जोडून टाकलं. त्यात समोरचा माणूस उतरल्या उतरल्या खिशातून थर्मामीटर काढतोय, वही उघडतोय. प्रीतमचा संशयच फिटला.

"सर, आधी चहा?"

"आधी तपासणी," हिंदुराव म्हणाले. सोपानरावांचं इथे बरंच वजन आहे, हे पाहून त्यांना बरं वाटलं.

"आत किती वेळ थांबणार, सर?"

"वीस मिनिटं. त्याशिवाय काही कळत नाही."

प्रीतमने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "मागच्या वेळचे सर दोन मिनिटांत बाहेर आले होते."

"त्यांचं जॅकेट हलकं असणार," हिंदुराव म्हणाले, आणि पिशवीतून आपलं जॅकेट काढून चढवलं. टॅग त्यांनी काळजीपूर्वक बाहीत सरकवला.

जाड दार उघडलं, आत पांढरी वाफ उठली आणि तिघं आत शिरले. हिंदुरावांनी डोळे मिटले. छाती, पाठ, खांदे एकेक तपासलं. ऊबच ऊब! कमरेच्या वर ते चिंचवडमध्ये होते. कमरेच्या खाली टेरिकॉटची पँट आणि सँडल होते, आणि तिथली परिस्थिती पाचव्या मिनिटाला गंभीर झाली. पण परीक्षा पायांची नव्हती.

आता मुकाट्याने उभं राहणारा माणूस असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण दहाव्या मिनिटाला हिंदुरावांची नजर दाराकडे गेली.

"हे रबर फाटलंय."

"हो सर, बदलायचंय."

"कधीपासून बदलायचंय?"

प्रीतम फाटलेलं रबर बोटाने आत दाबू लागला. हिंदुरावांनी थर्मामीटर पुढे धरला. "बाहेरच्या पाटीवर उणे अठरा आहे. माझा काटा उणे चौदा दाखवतोय. रबरातून गारवा चाललाय बाहेर. आणि खोकी भिंतीला टेकवून रचलीत, हवा खेळणार कुठून?"

त्यांनी वहीत लिहायला सुरुवात केली. उणे चौदामध्ये प्रीतमच्या कपाळावर घाम आला.

"सर, एवढं लिहू नका ना. घरी लहान मुलगी आहे माझी."

"मुलीचा काय संबंध? वस्तू चूक असेल तर चूक म्हणायचं."

तेवढ्यात मागून एक आवाज आला, आनंदाचा. गार हवा सोडणाऱ्या यंत्राच्या नळ्यांवर बोटभर जाड पांढरं साचलं होतं. इंदुताईंनी ते नखाने खरवडलं, ओंजळीत घेतलं आणि गालाला लावलं.

"अहो, बर्फ! हा बघा, खरा! भुसभुशीत आहे हो, किसलेल्या खोबऱ्यासारखा!"

प्रीतम गोंधळला. "मॅडम काय तपासताहेत?"

"मी काही तपासत नाही. मी बर्फ बघायला आलेय."

प्रीतमला वाटलं, हा आणखी वरच्या दर्जाचा तपास असणार. त्याने हळूच विचारलं, "बरा आहे ना, मॅडम?"

"फार सुंदर आहे," इंदुताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि थंडीमुळे ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

वीस मिनिटं भरली. तिघं बाहेर आले तेव्हा हिंदुराव दोन्ही पाय लाकडासारखे उचलत होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं. बाहेर पातळ सुती कुर्त्यातली एक तरुण मुलगी फाईल घेऊन उभी होती.

"नमस्कार, मी सायली. कंपनीकडून तपासणीला आलेय."

प्रीतमने तिच्याकडे पाहिलं. हिंदुरावांकडे पाहिलं. मग परत तिच्याकडे.

"मग हे कोण?"

"मी?" हिंदुराव म्हणाले. "मी जॅकेट तपासायला आलोय."

प्रीतमने सोपानरावांना फोन लावला. पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "व्हय, मीच धाडलंय त्यांला! नवराबायको हायेत. बर्फ दाव की त्यांला जरा!"

प्रीतम लालबुंद झाला. "काका, अर्धा तास माझा जीव टांगणीला लावलात तुम्ही! आणि ती वही?"

हिंदुराव वही खिशात घालणार, तोच सायलीने हात पुढे केला. "बघू." तिने वाचलं, पान उलटलं, पुन्हा वाचलं. "रबर, काटा, खोकी. काका, हे सगळं मला आत जाऊन पडताळावं लागेल. तुमच्याकडे जॅकेटं आहेत ना हो, मॅनेजर?"

प्रीतमने एक जॅकेट आणलं. त्याची चेन तुटली होती आणि त्याला चार हमालांचा एकत्र वास येत होता. सायली ते दोन बोटांत धरून उभी राहिली. उघड्या दारातून येणाऱ्या हवेनेच तिचे दात वाजत होते.

"अहो, द्या की तुमचं," इंदुताई म्हणाल्या.

"टॅग आहे त्याला!" हिंदुराव कुजबुजले.

"पोरगी काकडतेय आणि तुम्ही टॅग काय सांगताय?" इंदुताईंनी त्यांच्या अंगातलं जॅकेट चेन ओढून उतरवलंच. सायलीने ते घातलं. बाहीत हात घालताना तिला काहीतरी टोचलं.

"काका, टॅग राहिला होता वाटतं तुमचा," ती म्हणाली आणि दातांनी दोरी तोडून टॅग त्यांच्या हातात ठेवला. "काढला बरं का."

हिंदुराव तळहातावरच्या त्या चौकोनी कागदाकडे पाहत राहिले. सायली आत गेली. तिच्यापाठोपाठ इंदुताईही, "अजून एकदा बघून येते" म्हणत.

दोघी चांगल्या पंचवीस मिनिटांनी बाहेर आल्या. तेवढ्या वेळात प्रीतमने रबर बदलणाऱ्याला दोनदा फोन केला आणि हिंदुरावांना चहाही पाजला. त्याचा राग निवला होता. "सगळं बरोबर लिहिलंयत, काका. मॅडमनी मला चार दिवसांची मुदत दिलीय," दोघी बाहेर आल्यावर तो म्हणाला. "तुम्ही आधी बोंबललात म्हणून रबराचा माणूस आजच येतोय. नाहीतर सगळा माल गेला असता."

सायलीने जॅकेट काढून हातावर घेतलं, पण पुढे करेना. "काका, एक विचारू? मला महिन्यातून दहा वेळा असल्या खोल्यांत जावं लागतं. काकूंनी आत सगळं सांगितलं. टॅग मी तोडला, आता तुम्हाला परतही करता येणार नाही. पुऱ्या किमतीला मलाच द्याल का?"

म्हणजे पैसे परत! दहा दिवस ज्यासाठी टॅग जपला, ते आपणहून हातात येत होतं. इंदुताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. हिंदुरावांनी हातातल्या टॅगकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी मान हलवली.

"नाही, बाळ. वस्तू पास झालीय. पास झालेला माल मी आजवर कधी परत फिरवलेला नाही. तू चिंचवडला जा, तिथे स्वप्नाली म्हणून आहे. तिला म्हणावं, लेबल खरं बोलतं."

सायलीने हसत जॅकेट इंदुताईंच्या खांद्यांवर टाकलं. "काकू, तुम्ही घाला. एवढा वेळ नुसत्या स्वेटर-शालीवर होतात." इंदुताईंनी हात घातले, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि आरशासारख्या चकचकीत स्टीलच्या दारात स्वतःला सगळ्या बाजूंनी पाहून घेतलं.

परतीच्या वाटेवर मोशीपाशी ढग एकदम फाटले. ऊन आलं नाही, वारा आला. दहा दिवस दडून बसलेली थंडी नदीवरून सरळ रस्त्यावर उतरली. अर्ध्या बाहीच्या शर्टात हिंदुरावांच्या अंगावर काटा उभा राहिला. भोसरीला त्यांनी मोटरसायकल कडेला घेतली.

"काय झालं?" मागून इंदुताईंनी विचारलं. त्यांचा आवाज उबदार होता.

"काही नाही. चिंचवडला वळायचं का? पास झालंय तर तुझंही आजच घेऊन टाकू."

"माझं?" इंदुताईंनी जॅकेटच्या दोन्ही खिशांत हात आणखी खोल घातले. "माझं झालं की घेऊन. हे मला अगदी बरोबर बसतंय. आता तुमच्यासाठी बघू एखादं."