सव्वापट भार

परसात ट्रॅम्पोलिन आणायचं, एवढंच इन्स्पेक्टरांनी ठरवलं होतं. माणूस आयुष्यात याहून मोठे निर्णय घेतो आणि ते सुखरूप पारही पडतात. पण हा निर्णय त्यांनी बायकोला न विचारता घेतला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

इन्स्पेक्टर म्हणजे पोलिसातले नव्हेत. (दारात उभे राहिले की लोकांना क्षणभर तसं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं.) ते लिफ्टचे इन्स्पेक्टर. उंच इमारतींच्या लिफ्टा तपासायच्या, दोर पाहायचे, ब्रेक पाहायचे आणि पाटीवर जेवढं वजन लिहिलंय त्याच्या सव्वापट वजन आत भरून लिफ्ट वरखाली करून दाखवली की मगच सही करायची, हे त्यांचं काम. या कामाने त्यांना दोन गोष्टी दिल्या होत्या. एक, कुठल्याही वस्तूवर विश्वास न ठेवण्याची सवय. दुसरी, मजबूत पोटऱ्या, कारण स्वतः ते कायम जिन्यानेच जात.

ट्रॅम्पोलिनचं कारण होती नात. वय वर्षं चार, राहायला दुसऱ्या गावी, आपल्या आईवडिलांसोबत आणि तिकडच्या आजी-आजोबांसोबत. मागच्या खेपेला ती आली तेव्हा सगळा वेळ आईच्या पदराआड होती. इन्स्पेक्टरांनी कोपऱ्यात बसून तिच्याकडे पाहत प्रेमळ चेहरा केला, तर ती आईला म्हणाली, "आई, ते माझ्याकडे बघतायत." ते म्हणजे सख्खे आजोबा. 'आजोबा' हा शब्द तिने एकाच माणसासाठी राखून ठेवला होता आणि तो माणूस म्हणजे इन्स्पेक्टरांचे व्याही.

व्याह्यांचं गाद्यांचं दुकान होतं. माणूस अघळपघळ, देहाने भरपूर आणि स्वभावाने त्याहून. नात दिवसभर त्यांच्या दुकानात या गादीवरून त्या गादीवर उड्या मारायची आणि व्याही गल्ल्यावर बसून टाळ्या वाजवायचे. आता अशा माणसाशी स्पर्धा करायची म्हणजे साधं काम नव्हे. इन्स्पेक्टरांकडे लहान मुलाला दाखवण्यासारखं काय होतं, तर लिफ्टच्या तुटलेल्या दोराचा एक तुकडा. तो त्यांनी मागच्या वेळी दाखवला होता. नात रडली होती.

तेव्हा त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते वाईट वाटणं काही केल्या जाईना. उड्याच मारायच्या ना, मग गादीपेक्षा उंच उडवणारी वस्तू आपल्या घरी हवी, असं त्यांच्या मनाने घेतलं. घेतलं म्हणजे घेतलंच.

पेटी आली तेव्हा बायकोने दारातच विचारलं, "हे काय?" त्यांनी सांगितलं. मग तिने, वाळत घातलेले कपडे आता कुठे घालू, एवढंच विचारलं आणि ती आत गेली. एवढंच विचारून ती आत जाते तेव्हा प्रकरण मिटलेलं नसतं, हे इन्स्पेक्टरांना अनुभवाने ठाऊक होतं. पण स्प्रिंगा समोर पडलेल्या असताना माणूस अनुभवाचं ऐकत नाही.

ट्रॅम्पोलिन मुलांचं होतं, बुटकं, गुडघ्याएवढ्या उंचीचं. ते त्यांनी जोडलं. एक स्प्रिंग उरली, म्हणून सगळं सोडून पुन्हा जोडलं. तरी ती उरलीच. तेव्हा बायकोने पेटीवरचं वाचून दाखवलं की एक स्प्रिंग जास्तीची देण्यात येत आहे. पेटी तिने पहिल्याच दिवशी वाचली होती. ती बोलली नव्हती, कारण तिला कोणी विचारलं नव्हतं.

त्याच पेटीवर आणखी एक गोष्ट लिहिली होती आणि सगळं घोडं तिथे अडलं. 'कमाल भार शंभर किलो.' म्हणजे नियमाप्रमाणे एकशे पंचवीस किलोने चाचणी झाल्याशिवाय त्यावर कोणी पाय ठेवायचा नाही. बायको म्हणाली की नातीचं वजन जेमतेम पंधरा किलो आहे. इन्स्पेक्टर म्हणाले, प्रश्न नातीच्या वजनाचा नसून तत्त्वाचा आहे. बायको म्हणाली, मग तत्त्वालाच बसवा त्याच्यावर.

इन्स्पेक्टर स्वतः सत्तर किलो. म्हणजे पंचावन्न कमी पडत होते. मातीच्या गोण्या होत्या, पण त्या बायकोने वाफ्यांत रिकाम्या करून टाकल्या होत्या. तेव्हा, अगदी शुद्ध तांत्रिक हेतूने, त्यांनी बायकोला तिचं वजन विचारलं.

तो दिवस घरात फार शांततेत गेला. दुसराही.

या शांततेमुळे चाचणी राहिली आणि नात यायचा शनिवार उजाडला. जावयाला ऐनवेळी काम निघालं, म्हणून लेकीला आणि नातीला घेऊन गाडीतून खुद्द व्याहीच आले. गाडीतून ते उतरले आणि गाडी चांगली वीतभर वर आली. इन्स्पेक्टरांची नजर त्यावर होती, पण डोक्यात काही शिरलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

नातीने मात्र परसातलं ते गोल, निळ्या काठाचं, काळं कुळकुळीत प्रकरण पाहिलं आणि ती धावत सुटली. निम्म्या वाटेत ती थांबली, मागे आली आणि तिने इन्स्पेक्टरांचं बोट धरलं. आपणहून धरलं. इन्स्पेक्टरांना काय वाटलं ते सांगता येणार नाही. डोळ्यांत मात्र पाणी आलं. चार वर्षांत पहिल्यांदाच ते बोट कोणाच्या तरी कामाला आलं होतं. ते दोघे तसेच ट्रॅम्पोलिनपर्यंत गेले.

तिथे पाटी होती. 'चाचणी पूर्ण होईपर्यंत वापर बंद.' सुवाच्य अक्षरांत, खाली सही.

"मी उडी मारू?" नातीने विचारलं.

या प्रश्नाला कोणत्याही आजोबाचं उत्तर एकच असतं. पण सुंभ जळतो, पीळ जात नाही. इन्स्पेक्टर म्हणाले, "थोडं थांबायचं हं. आधी भारचाचणी."

नातीने पाटीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि बोट सोडलं. खालचा ओठ बाहेर काढून ती सरळ व्याह्यांकडे गेली आणि त्यांच्या पोटात तोंड खुपसून उभी राहिली. लेक म्हणाली, "बाबा, ती लिफ्ट नाहीये." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. मग सगळे आत चहाला गेले आणि इन्स्पेक्टर आपल्या सहीखाली एकटे उभे राहिले.

उद्या संध्याकाळी ती परत जाणार. पुढची खेप कधी, कोणास ठाऊक. तोवर ते पुन्हा 'ते' होऊन बसणार. सगळे चहा पिऊन बाहेर यायच्या आत चाचणी उरकायची, असं त्यांनी ठरवलं. आतल्या बॅगा आणायच्या, पाण्याचे डबे भरायचे, वर आपण स्वतः चढायचं. पण त्याआधी खालून सांगाडा बघून घ्यायला हवा आणि कापड रिकामं असताना जमिनीपासून किती उंच आहे ते मोजायला हवं. त्यांनी टॉर्च दातांत धरला, पट्टी हातात घेतली आणि कुंपणाच्या बाजूने गवतावर सरपटत ते ट्रॅम्पोलिनखाली शिरले.

'भाराखाली उभं राहायचं नाही' हा धडा त्यांनी ऑफिसात लागलेल्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दिला होता. पण एक तर अजून भार नव्हता, आणि दुसरं म्हणजे ते उभे नव्हते, आडवे होते. (नियम करणाऱ्याला नियमातली फट लगेच सापडते.)

इकडे व्याही कप घेऊन बाहेर आले. आत बायका बोलत होत्या आणि त्यांना जरा मोकळ्या हवेत बसायचं होतं. परसात बाक नव्हता. (बायको गेली कित्येक वर्षं बाक मागत होती, तो याच जागी येणार होता.) त्यांनी पाटी वाचली, ती लहान मुलांसाठी असणार असं समजून बाजूला ठेवली आणि धंद्याच्या सवयीने ताणलेल्या कापडावरून तळहात फिरवला. गादीवाल्याला मऊ वस्तू दिसली की तो तिच्यावर बसून बघतो, आणि तेही कडेला नाही, नेमका मध्यभागी. व्याह्यांनी कप खाली ठेवला, निळ्या काठावर गुडघा टेकला, सरकत सरकत मध्यभाग गाठला आणि निवांतपणे अंग सोडलं.

खाली इन्स्पेक्टरांना आभाळ कोसळल्यासारखं वाटलं. कापड येऊन छातीवर, पोटावर आणि नाकावर बसलं. टॉर्च विझला. ओरडायला तोंड उघडलं तर त्यात कापड.

वर व्याह्यांना वस्तू एकंदर पसंत पडली होती, फक्त मध्ये गाठ लागत होती. "भरणी नीट बसलेली नाही," ते स्वतःशीच म्हणाले. गाठ बसवायची त्यांची एक रीत होती. ते जरासे उठून जोर देऊन पुन्हा बसले. गाठ गेली नाही. ते पुन्हा बसले. गाठ कण्हली.

व्याह्यांच्या उभ्या आयुष्यात गादी कधी कण्हली नव्हती. ते वाकून ऐकू लागले.

"व्याहीबुवा," खालून आवाज आला, "मी आहे."

"कुठे?"

"खाली."

"कशाच्या खाली?"

"तुमच्या."

व्याही शरमेने लाल झाले. माणूस मुळात सज्जन. मुलाच्या सासऱ्यावर आपण चहा घेऊन बसलो, या कल्पनेनेच त्यांना घाम फुटला. ते घाईघाईने उठायला गेले. पण ट्रॅम्पोलिनवर घाईघाईने उठणं हे त्यांच्या देहाचं काम नव्हतं. ते अर्धे उठत, वर उडत आणि पुन्हा मूळ जागी येत. प्रत्येक वेळी ते 'माफ करा' म्हणत, आणि प्रत्येक वेळी खालून 'हुंक' असं उत्तर येई.

"हलू नका," शेवटी इन्स्पेक्टर म्हणाले. कारण अशाही अवस्थेत त्यांच्या डोक्यात एक दिवा लागला होता. "व्याहीबुवा, राग मानू नका. तुमचं वजन किती?"

वर व्याह्यांनी आधी पोट आत ओढून घेतलं. मग अगदी हळू आवाजात, "एकशे तेवीस."

"अनवाणी?"

"अनवाणी."

"आता बूट घातलेत?"

"हो."

"आणि चहा झालाय?"

"पाऊण कप."

"छान," चेपलेल्या आवाजात इन्स्पेक्टर म्हणाले. "मग असेच स्थिर बसा. भार बरोबर आहे." आणि त्यांनी मोकळ्या असलेल्या दोन बोटांनी पट्टी उभी करायचा प्रयत्न सुरू केला.

हे सगळं पायरीवर उभी राहून नात बघत होती. वर एक आजोबा हात पसरून मूर्तीसारखे बसलेले, आणि खालून दोन पाय बाहेर आलेले, त्यांतल्या एकाची चप्पल गायब. आधी ती बघतच राहिली. मग हसायला लागली, आणि इतकी हसली की पायरीवर बसली. मग ती धावत आली, गवतावर पालथी पडली आणि तिने काठाखाली डोकं घातलं.

"तुम्ही इथे काय करताय?" तिने विचारलं. आईमार्फत नाही. थेट त्यांना.

"चाचणी," इन्स्पेक्टर म्हणाले. "तू मात्र आत यायचं नाहीस हं. तिथूनच बघ."

"मी बॅटरी धरू?"

टॉर्च तिच्यापाशीच पडला होता. तिने बटण दाबलं आणि उजेड नेमका त्यांच्या डोळ्यांत धरला. त्यांना काहीही दिसत नव्हतं, एक बरगडी दुखत होती, गवताचं पाणी सदऱ्यात शिरलं होतं, आणि ते मनापासून सुखी होते. स्प्रिंग एकही सुटली नाही, असं त्यांनी आतून जाहीर केलं.

मग बायको आणि लेक आल्या. दोघींनी व्याह्यांचा एकेक हात धरून त्यांना ओढून काढलं. इन्स्पेक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या नाकावर कापडाची वीण उमटली होती. बायकोने ती नीट पाहिली आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा ती नवऱ्याशी बोलली. "माझं वजन विचारण्यापेक्षा हे बरं," ती म्हणाली.

इन्स्पेक्टरांनी पाटी उचलून कुंपणापलीकडे टाकली आणि नातीला म्हणाले की आता खुशाल उडी मार, हवी तेवढी उंच.

नातीला उडी मारायची नव्हती. उड्या काय, ती रोज दुकानात मारत होती. तिने व्याह्यांना ट्रॅम्पोलिनकडे ढकललं, इन्स्पेक्टरांचं बोट धरून त्यांना कुंपणाच्या बाजूला नेलं आणि सांगितलं, "पुन्हा."

पुन्हा झालं. मग आणखी पुन्हा झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासायच्या आधी झालं. शेजारी कुंपणावरून बघत होते. व्याहीबुवा हाडाचे धंदेवाले, त्यांनी एक सोफ्याची उशी मागवून घेतली आणि ती इन्स्पेक्टरांच्या पोटावर ठेवायला दिली. दोन्ही म्हातारे, चेपणारे आणि चेपले जाणारे, संध्याकाळपर्यंत एकमेकांना अरेतुरे करू लागले.

निघताना नातीने गाडीच्या काचेतून हात हलवला आणि ओरडून सांगितलं, "येते हं, खालचे आजोबा!"

इन्स्पेक्टर गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे होते. शब्द मिळाला होता. त्याला पुढे एक शेपूट लागलं होतं, पण मिळाला होता. डोळे पुसायच्या आधी त्यांनी बायको कुठे बघतेय ते पाहून घेतलं.

ती त्यांच्याकडेच बघत होती, आणि तिला ते नाव फार आवडलं होतं. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याला नुसतं 'अहो' म्हणून संसार रेटला होता. सोमवारी सकाळी ऑफिसातून मोठ्या साहेबांचा फोन आला तेव्हा तिने परसाच्या दिशेने हाक मारली, "अहो खालचे, तुमच्या साहेबांचा फोन आहे."

फोनवर हात ठेवायला आपण विसरलो, असं ती म्हणते. ऑफिसात आता नवी लागलेली पोरंसुद्धा त्यांना त्याच नावाने ओळखतात.