कथील ऐकणारे सदाशिवभाऊ

सदाशिवभाऊ कथील कानाने पारखून घेत.

गोंदियाचा व्यापारी कांडी पुढे करायचा. भाऊ ती कानाशी धरून हळूच वाकवायचे. शुद्ध कथील वाकताना चिरचिरतं. शिशाची भेसळ असली की गप्प बसतं. "रडली!" म्हणत भाऊ खुशीत कांडी ठेवून घेत. नाही रडली, तर व्यापाऱ्याला विचारत, "काहो, हिले घरून पढवून आणलं का?"

एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. बालाघाटात आमच्या घरामागे भाऊंचा हार्ड क्रोमचा, म्हणजे लोखंडावर क्रोमचा टणक मुलामा चढवायचा, कारखाना होता. कारखाना म्हणजे टिनाची शेड, तेजाबाची टाकी आणि भाऊ. राइस मिलचे, खाणीतल्या पंपांचे झिजलेले दांडे तिथे येत आणि आरशासारखे होऊन जात. टाकीत वीज खेळवायला दांड्याभोवती पट्ट्या टांगाव्या लागत. नुसतं शिसं तिथे टिकत नसे, म्हणून भाऊ शिशात कथील मिसळून पट्ट्या स्वतः ओतत. ओतताना कुणी बोललेलं खपत नसे. एकदा खाणीचे साहेब मध्येच काही विचारू लागले, तर त्यांनाही तोंडावर बोट ठेवून उभं केलं. "शिसं बिचकते," भाऊ म्हणाले. साहेब बिचारे तसेच उभे.

माणसांशी मात्र त्यांचा मेळ बसत नसे. लग्न केलं नाही. रामपायलीला थोरली बहीण होती, यमुनाबाई. आईच्या तेरवीला दोघांची आईच्या अडकित्त्यावरून जुंपली. अडकित्ता बहिणीने नेला, भावाने बोलणं टाकलं. त्याला नऊ वर्षं झाली होती.

माझी सासुरवाडी रामपायलीचीच. एकदा निघताना यमुनाबाईंनी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. "अडकित्त्याले जंग चढला. बालाघाटले कोणी साफ करून देत असन तं पाहा. कोणाचा हाय ते सांगू नोका."

बालाघाटात असं काम करणारा माणूस एकच. ते त्यांनाही ठाऊक होतं, मलाही.

भाऊंनी फडकं उलगडलं. अडकित्त्यावरच्या पितळी मोराकडे बराच वेळ पाहिलं.

"कोणाचा हाय?"

"आहे एका ओळखीच्यांचा."

"हौ," म्हणाले आणि पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी शेडमधून आरडाओरडा ऐकून मी धावलो. लालबर्ऱ्याचा मिलवाला तांबडालाल झाला होता. धानाचा हंगाम, मिल बंद, आणि "मेरा शाफ्ट बाहर पड़ा है, टंकी में सरौता?"

खरंच होतं. शाफ्ट बाजूला सारून भाऊंनी अडकित्त्यासाठी नवं शिसं-कथील वितळवलं होतं. त्याच्या वळणाबरहुकूम बोटबोटभर पट्ट्या ओतल्या होत्या.

"सेठ, शाफ्ट उद्या. हे अर्जंट हाय."

मी अडकित्ता रामपायलीला पोचवला. यमुनाबाईंनी एक सुपारी कातरली. मग दुसरी. मग तिसरी. खाणारं कुणी नव्हतं.

"त्याले सांगा," त्या म्हणाल्या, "धार लय झाली. बोट कापन माह्यं. सोता येऊन कमी करून दे म्हणा."

निरोप ऐकून भाऊ उसळले. "अक्कल हाय का तिले? अडकित्त्याले धार लय होत असते का कधी?" असंच बराच वेळ बडबडले. मग खुंटीवरची पिशवी काढली, तिच्यात कानस टाकली आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"रामपायलीची मोटर किती वाजता हाय?"